अन्नाचे पचन व आतड्यातील पाण्याचा हिशेब

ज्वारीच्या एकाच ताटावर शेतकरी व त्याचा बैल हे दोघेही पोसले जातात. कणसातील दाणा माणसाच्या वाट्यास येतो आणि कडबा बैलाच्या गव्हाणीत पडतो. ही वाटणी रूढीने ठरलेली नसून दोघांच्या पोटांच्या रचनेनेच ती ठरविली आहे. दाण्यातील पीठ आणि कडब्यातील तंतू ही दोन्ही मुळात द्राक्षशर्करेचे, म्हणजे ग्लुकोजचे, कण एकमेकांस जोडून बनलेली असतात. मात्र हे कण जोडण्याची तऱ्हा दोहोंत निरनिराळी असते. पिठातील सांधे माणसाच्या पाचकरसांनी सुटतात, तंतूंतील सुटत नाहीत. बैलाच्याही स्वतःच्या रसांनी ते सुटत नाहीत. परंतु त्याच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीवांची वस्ती असते आणि हे जीव कडबा आंबवून त्याच्यासाठी ते काम करून देतात. माणसाच्या पोटाला असा कप्पा नाही. म्हणूनच भाकरी त्याची आणि कडबा बैलाचा.

दाण्याची भाकरी पोटात गेल्यावर तिचे काय होते, हा पचनाचा विषय होय. घास गिळला की अन्न शरीरात गेले असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तसे नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक सलग नळी असून ती ताणून सरळ केली तर आठ-नऊ मीटर भरेल. या नळीत असलेले अन्न अद्याप शरीराच्या बाहेरच असते, असे म्हटले तरी चालेल. ते नळीच्या भिंतीतून पार होऊन रक्तात उतरेल तेव्हाच शरीराचे होईल. त्यासाठी दोन कामे व्हावी लागतात. अन्नाचे अत्यंत बारीक कणांत विघटन होणे हे पहिले आणि ते कण पाण्यासह भिंतीतून शोषले जाणे हे दुसरे. शाळेच्या पुस्तकांत पहिल्या कामाचे वर्णन पानेच्या पाने असते व दुसरे चार ओळींत आटोपले जाते. खेड्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या दृष्टीने दुसऱ्याचेच महत्त्व अधिक आहे. कारण हगवणीने मूल दगावते ते मुख्यतः या दुसऱ्या कामात बिघाड झाल्यामुळे.

तोंड व जठर

पचनाचा आरंभ तोंडात होतो. भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोड लागू लागतो. लाळेतील पाचकद्रव्य पिठाचे सांधे तोडून त्याची साखर बनवू लागते, त्याची ही खूण. दिवसाकाठी तोंडात एक ते दीड लिटर लाळ सुटते. भुकेच्या वेळी ठेच्याच्या वासानेही ती सुटते, यावरून पाचकरसांवर मज्जातंतूंची सत्ता चालते हे ध्यानात येईल.

गिळलेला घास अन्ननलिकेतून खाली जातो तो केवळ वजनाने नव्हे. नलिकेचे स्नायू घासाच्या मागे आवळत व पुढे सैल होत जातात आणि ही लाट घासाला पुढे ढकलते. पाणवठ्यावर मान खाली घालून पाणी पिणाऱ्या बैलाच्या गळ्यात ते पाणी चढावर चढताना दिसते, तो अशाच लाटेचा प्रताप. पुढे संपूर्ण आतड्यात अन्न सरकते तेही याच रीतीने.

जठरात काय घडते याविषयी शतकानुशतके केवळ तर्क चालत असत. त्यावर प्रत्यक्ष प्रकाश पडला तो एका अपघातामुळे. उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर १८२२ साली अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराच्या पोटात बंदुकीची गोळी घुसली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांच्या उपचारांनी तो वाचला, पण जखम पुरती मिटली नाही. जठरात उघडणारे एक छिद्र कायम राहिले. १८२५ पासून बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे व कोबीचे तुकडे आत सोडावे व ठराविक वेळाने ओढून पाहावे, असे प्रयोग आरंभिले. जठरातील रस काढून तो बाटलीत उबदार ठेवल्यास त्यातही मांस विरघळते, हेही त्यांनी पाहिले. यावरून पचन म्हणजे नुसते कुटणे किंवा कुजणे नसून ती रसायनक्रिया आहे हे सिद्ध झाले. प्रयोगांचे पुस्तक १८३३ साली निघाले. ज्याच्या पोटाने ही विद्या दिली तो मजूर या प्रयोगांना कंटाळून अनेकदा निघून गेला होता, आणि त्याला दोष देणे कठीण आहे.

जठरातील रस तीव्र आम्लाचा असतो. दिवसाला सुमारे दोन लिटर असा रस स्रवतो. डाळी, अंडी, मांस यांतील प्रथिनांचे तुकडे करण्यास तो आरंभ करतो. शिवाय अन्नपाण्याबरोबर आलेल्या पुष्कळशा रोगजंतूंचा तेथेच नाश करतो. जठराच्या आतील भिंतीवर चिकट बुळबुळीत थर पसरलेला असल्यामुळे या आम्लाने भिंत स्वतः जळत नाही. तेथे दोन ते चार तास घुसळले गेल्यावर अन्नाची पातळ लापशी होते व ती थोडी थोडी करून पुढे लहान आतड्यात सोडली जाते. तूप-तेल अधिक असल्यास हे सोडणे आणखी सावकाश होते. सणाच्या पुरणपोळीनंतर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही याचे हे एक कारण होय.

लहान आतडे

लहान आतड्यात शिरताच लापशीत दोन नवे रस मिसळतात. यकृतात तयार होणारे पित्त स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करते. तेलकट भांडे साबणाने धुताना जे घडते, तसेच काहीसे. स्वादुपिंडाचा रस खाण्याच्या सोड्यासारखा गुण असल्यामुळे जठरातून आलेले आम्ल शमवितो आणि त्यातील पाचकद्रव्ये पिठूळ पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ या तिन्हींचे विघटन पुढे नेतात. शेवटची तोडणी आतड्याच्या भिंतीवरच होते. तेथे भाकरीची द्राक्षशर्करा झालेली असते, वरणातील प्रथिनांची ॲमिनो आम्ले झालेली असतात आणि फोडणीतील तेलाची मेदाम्ले.

आता शोषणाची वेळ येते. लहान आतड्याची आतील बाजू गुळगुळीत नसून मखमलीसारखी असते. तिच्यावर मिलिमीटरभर उंचीचे असंख्य अंकुर दाटीने उभे असतात. त्या प्रत्येक अंकुरावरील पेशींना पुन्हा अतिसूक्ष्म केसाळ कडा असते. या घड्या व अंकुर उलगडून पसरले तर किती क्षेत्र होईल याविषयी पूर्वीच्या पुस्तकांत फार मोठे आकडे दिलेले आढळतात. अलीकडील मोजणीप्रमाणे ते सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडे अधिक भरते. पोटातील या पाव गुंठ्यावर सर्व देहाचे पीक अवलंबून असते. ही जमीन सदा नवी होत राहते. अंकुरांवरील पेशी तीन ते पाच दिवसांत झडून जातात व त्यांच्या जागी बुडातून वाढलेल्या नव्या पेशी येतात. यास्तव आजारात आतडे खराब झाले तरी अन्न मिळत राहिल्यास ते लवकर सुधारू शकते. पुढील विवेचनात या गोष्टीचे काम पडणार आहे.

अंकुरांतून शोषलेली शर्करा व ॲमिनो आम्ले रक्तावाटे प्रथम यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थ बहुतांशी निराळ्या वाहिन्यांनी, म्हणजे लसिकावाहिन्यांनी, जातात. ताटात वाढलेले सर्वच शोषले जाते असे नाही. बाजरीत व पालेभाजीत लोह असते, परंतु जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतल्यास त्यातील पुष्कळसे लोह न शोषले जाता वाया जाते. त्याच जेवणावर लिंबू पिळले तर अधिक लोह रक्तात उतरते. खेड्यातील स्त्रियांत रक्तक्षय किती आढळतो हे पाहता, जेवण व चहा यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवण्याची सवय लागली तर बरे.

पाण्याचा हिशेब

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळावयाचे आहे. प्रौढ माणूस अन्नपाण्यावाटे दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी पोटात घेतो. परंतु आतड्यातून वाहणारे पाणी एवढेच नसते. लाळ दीड लिटर, जठररस दोन लिटर, पित्त अर्धा लिटर, स्वादुपिंडाचा रस दीड लिटर व आतड्याचा स्वतःचा रस दीड लिटर, असे सुमारे सात लिटर पाणी शरीर स्वतःच्या रक्तातून काढून दररोज या नळीत ओतीत असते. एकूण जमा नऊ लिटर. रक्ताचा जो पातळ भाग, तो साऱ्या शरीरात मिळून तीन लिटरच्या आसपास असतो. म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक पाणी रोज आतड्यात उतरते.

मग माणूस सुकून का जात नाही? कारण ओतलेले पाणी परत घेतले जाते. लहान आतडे नऊपैकी साडेसात लिटर शोषून घेते, मोठे आतडे उरलेल्यांपैकी बहुतेक सर्व, आणि शौचावाटे बाहेर पडते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. मोट चालत असे त्या काळी थारोळ्यात ओतलेले पाणी पाटाने मळ्यात जाई. आतड्याची मोट मात्र अशी आहे की, तिने उपसलेले पाणी मळा भिजवून पुन्हा त्याच विहिरीत उतरावे लागते. उपसा चालू राहिला व परतीची वाट बुजली तर विहीर एका दिवसात कोरडी पडेल. हगवण म्हणजे हेच होय.

पाणी परत कसे घेतले जाते, हे समजावयास लोणच्याचे उदाहरण पुरेसे आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मीठ जेथे अधिक असेल तिकडे पाणी ओढले जाते, हा निसर्गाचा नियम आहे. आतडे पाणी थेट पकडू शकत नाही. ते मिठाचे कण, अधिक अचूक बोलावयाचे तर मिठातील सोडियम, भिंतीतून आत घेते व पाणी त्यामागोमाग आपोआप आत येते. मीठ आत नेणाऱ्या वाटा अनेक आहेत. त्यांपैकी एक वाट दोन किल्ल्यांच्या कुलुपासारखी आहे. सोडियमच्या दोन कणांबरोबर द्राक्षशर्करेचा एक कण आला तरच ती उघडते, आणि मग दोन्ही एकदम आत जातात. ही जोडवाट रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी १९६० साली प्राग येथील परिषदेत प्रथम मांडली. त्या वेळी ती प्रयोगशाळेतील एक बारीकशी गोष्ट वाटली असल्यास नवल नाही.

पटकीने शिकविलेला धडा

पटकीचे जंतू दूषित पाण्यातून पोटात जातात. जठरातील आम्लातून निसटलेले जंतू लहान आतड्यात वस्ती करतात, पण भिंत फोडून आत शिरत नाहीत. ते एक विष सोडतात. हे विष जंतूंपासून वेगळे काढले तरी आतड्यात पाणी साचविते, हे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ साली दाखवून दिले. विषाच्या प्रभावाने पेशी क्षार व त्यांबरोबर पाणी आतड्यात सारखे ओतू लागतात, आणि नुसते मीठ आत घेणाऱ्या वाटा बंद पडतात. तीव्र पटकीत प्रौढ रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. रोगी मरतो तो विषाने नव्हे. रक्तातील पाणी व क्षार संपल्याने नाडी बसते व तो दगावतो.

परंतु या गोंधळातही मीठ व साखर यांची जोडवाट उघडीच राहते. पटकीचे विष तिला हात लावू शकत नाही. नुसते पाणी पाजले तर ते शोषले न जाता वाहून जाईल, नुसते मिठाचे पाणीही तसेच जाईल. मीठ व साखर दोन्ही योग्य प्रमाणात असतील तर मात्र पाणी रक्तात उतरेल. ढाका येथे डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली पटकीच्या रोग्यांवर याची खात्री करून घेतली. तोपर्यंत शिरेतून सलाइन देणे हाच एक भरवशाचा उपाय होता व तो दवाखान्यापुरता मर्यादित होता.

दवाखान्याबाहेर या उपायाची कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि सीमेजवळील बनगाव येथे पटकीने कहर केला होता. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा लिटरमागच्या हिशेबाने पुड्या भरवून घेतल्या. हे मिश्रण पिंपांत विरघळवून ठेवले व पेल्यांनी पाजण्याचे काम रोग्यांच्या आईबापांवर व नातेवाइकांवर सोपविले. आरंभी शंभरात तीसच्या घरात रोगी दगावत होते. या उपायाखाली आलेल्यांत हे प्रमाण शंभरात चाराहूनही खाली आले. परिचारिकेचे शिक्षण नसलेली माणसे हा उपचार नीट करू शकतात, हे त्यातून कळले, आणि उपायाच्या गुणाइतकेच हे कळणेही मोलाचे होते. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आज हेच मिश्रण जलसंजीवनी या नावाने, किंवा ओ. आर. एस. म्हणून, उपकेंद्रात व आशा स्वयंसेविकेकडे मिळते. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्यातील मीठ व साखर दोन्ही थोडी कमी केली आहेत. लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे हे प्रमाण आहे.

लहान मुलांची हगवण बहुतेक वेळा पटकीची नसते. रोटा नावाच्या विषाणूमुळे ती पुष्कळदा होते. हा विषाणू अंकुरांच्या शेंड्यांवरील पेशीच मारतो, त्यामुळे शोषणाची जमीन काही काळ कमी पडते. तरीही वाचलेल्या पेशींत जोडवाटा शिल्लक असतात आणि जलसंजीवनी तेथेही लागू पडते. या विषाणूची लस २०१६ पासून देशाच्या लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली असून ती बाळाला थेंबांच्या रूपाने वेळच्या वेळी पाजून घ्यावी.

घरी काय करावे

पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे. मोठे पाकीट लिटरभर पाण्यासाठी असते, लहान पाकिटे पेलाभर पाण्याचीही मिळतात. दोहोंची गफलत करू नये. पाणी उकळून निवविलेले किंवा शुद्ध केलेले असावे. तयार पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून नवे करावे. पाकीट हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चाखून पाहता ते डोळ्यांतील पाण्याहून अधिक खारट लागू नये. मीठ अधिक झाले तर लहान मुलाला अपाय होतो. साखर अधिक झाली तर उलट परिणाम होतो. आवळे साखरेत घातले की त्यांचे पाणी साखरेकडे ओढले जाते. तसेच आतड्यात साखर दाटली की अंगातील पाणी आतड्यात ओढले जाऊन हगवण वाढते. बाटलीतील गोड शीतपेये हगवणीत देऊ नयेत, याचे कारण हेच. दुकानात फळांच्या चवीची, जलसंजीवनीसारखी दिसणारी पेये मिळतात, तीही तिच्या जागी चालत नाहीत.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पन्नास ते शंभर मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला, आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या दुप्पट असे पाजावे. मोठ्या माणसाने तहान भागेपर्यंत प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे व नंतर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा, असे पुन्हा सुरू करावे. घाईघाईने घटाघटा पाजलेले पाणी उलटून पडते, चमच्याने दिलेले बहुधा टिकते.

येथे कार्यकर्त्यांस एक गोष्ट लोकांपुढे आधीच स्पष्ट करावी लागते. जलसंजीवनीने हगवण लगेच थांबत नाही. ती गेलेले पाणी भरून काढते. हगवण आपल्या गतीने बहुधा काही दिवसांत थांबते. हे सांगितले नाही तर आई दुसऱ्या दिवशी म्हणते की, पाजावे तितके बाहेर येते, आणि पाजणे सोडून देते. हगवण दाबणाऱ्या गोळ्यांचा मोह याच वेळी पडतो. त्या गोळ्या आतड्याची हालचाल थांबवितात. आतड्यात उतरलेले पाणी आतल्या आत साचत राहते व वरून मात्र मूल बरे झालेसे दिसते. लहान मुलांना त्या देऊच नयेत. जंतुनाशक औषधांचीही बहुतेक हगवणींत गरज नसते. शौचात रक्त पडत असेल तर ती गरज असते व ते काम डॉक्टरांचे आहे.

पोट बिघडले की त्याला विसावा द्यावा, अन्न बंद करावे, पाणीही तोडावे, ही समजूत जुनी आहे आणि पुष्कळ मुलांना ती भोवली आहे. वर सांगितल्याप्रमाणे अंकुरांच्या पेशी चार-पाच दिवसांत नव्या व्हावयाच्या असतात. त्यांना अन्न मिळाले नाही तर त्या कशापासून वाढणार? अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये, उलट अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलांस मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ भात-वरण, दहीभात, पिकलेले केळे, मीठ घातलेले ताक असे थोडे थोडे द्यावे. पेजेतील तांदळाच्या पिठाची आतड्यात हळूहळू द्राक्षशर्करा होते व ती मिठाला आत नेते. कोकणातील घरोघरच्या पेजेला शास्त्राचा असा आधार आहे.

मोठ्या आतड्याचाही यात वाटा आहे. न पचलेले तंतू व पीठ तेथे पोचते तेव्हा तेथील सूक्ष्म जीव ते आंबवितात व त्यापासून काही सौम्य आम्ले बनतात. माणसाच्या पोटात बैलाच्या कप्प्याशी थोडेफार नाते सांगणारी जागा असेल तर ती हीच. ही आम्ले आतड्याच्या पेशींचे खाद्य होत, आणि ती शोषली जाताना मीठ व पाणी बरोबर आत नेतात. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात पटकीच्या रोग्यांना जलसंजीवनीतून मक्याचे सहज न पचणारे पीठ देऊन पाहिले, तेव्हा त्यांची हगवण कमी झाली व लवकर थांबली, असे २००० साली प्रसिद्ध झाले.

जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतात. वयाप्रमाणे जितकी मात्रा आरोग्यसेविका सांगेल तितकी चौदा दिवस द्यावी. हगवण थांबताच गोळ्या बंद करण्याची चूक सर्रास होते. चौदाही दिवस दिल्यास पुढील दोन-तीन महिन्यांत पुन्हा हगवण होण्याची शक्यता कमी होते. बरे झाल्यावर दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण अधिक द्यावे.

एकाच वस्तीत दोन-तीन घरी हगवण लागली तर विहीर किंवा नळाची फुटकी जागा तपासून घ्यावी आणि ग्रामपंचायतीकडून पाण्यात टी. सी. एल. पावडर योग्य प्रमाणात टाकली जाते किंवा नाही ते पाहावे. शौचानंतर व मुलाचे ढुंगण धुतल्यानंतर साबणाने हात धुणे, हे प्रत्येक घरी करण्यासारखे आहे.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास घरगुती उपायांवर विसंबू नये. डोळे खोल गेले असणे, पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश खाली बसणे, मूल मलूल पडणे किंवा पाणी पिऊ न शकणे, सहा तासांत लघवी न होणे, दिलेले सर्व उलटून पडणे, शौचात रक्त दिसणे. मोठ्या माणसास तांदळाच्या धुवणासारखे पातळ शौच वारंवार होऊ लागले तर ती पटकी समजून त्याला तत्काळ हलवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. ती येईपर्यंत आणि दवाखान्याच्या वाटेवरही चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजणे चालू ठेवावे. रोगी बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर मात्र तोंडावाटे काहीही देऊ नये. अशा वेळी शिरेवाटे सलाइन हाच मार्ग उरतो आणि तो दवाखान्यातच मिळतो.